शालनमावशीचा काळ्या ऑइलचा डबा

हां, तर टेम्पो धसईच्या अलीकडं बंद पडला होता आणि शालन वाकून गाडीखाली बघत होती, इथवर आलो होतो आपण काल. खाली ऑइलचा नटच नव्हता. मुरबाडच्या गॅरेजातून सर्व्हिसिंग करून तासाभरापूर्वी निघालेली गाडी, आणि मागं रस्त्यावर काळ्या थेंबांची रांग. नट आवळायचा राहिला, वाटेत गळून पडला, ऑइल वाहून गेलं आणि इंजिन जाम.

ही शालन धसईजवळच्या पाड्यावरची, पन्नाशीची बाई. पंधरा वर्षं स्वतः टेम्पो चालवते, पाड्यावरच्या आठ घरांची भेंडी मुरबाडला पोचवते. भेंडी दोन दिवस राहिली की निबर होते, म्हणून गाडी बसून चालायचं नाही. गॅरेजवाल्यानं बिघडवलेलं इंजिन त्यानंच बांधून द्यावं, एवढंच तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला दोर लावून तिनं गाडी गॅरेजच्या दारात आणून उभी केली. मालक आदेश, तिशीतला, बोलायला गोड.

"नट आमचा ढिला रायला असंल, मावशी. नवा लावून देतो. पण इंजिन आधीच आतून झिजलेलं. आज नाय तर उद्या जाणारच होतं."

"तुला काय ठावं?"

"दहा वर्षं इंजिनं खोलतोय मी."

"आणि मी पंधरा वर्षं मेढींना ऑइल फासतेय," शालन म्हणाली.

आदेशला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण सर्व्हिसिंगला काढलेलं जुनं ऑइल शालन कधी टाकू देत नाही. डब्यात भरून नेते आणि वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या लाकडी खांबांना, म्हणजे मेढींना, फासते. तिच्या पहिल्या टेम्पोचं ऑइल फासलं तेव्हा मेढी उन्हात चमचम करायला लागल्या. शालनच्या गोठ्याला जरीची किनार लागली, म्हणून अख्खा पाडा हसला. दोन महिन्यांत ते इंजिन बसलं. तेव्हा तिला उमगलं, की ती चमक इंजिनातल्या झिजलेल्या लोखंडाची.

आदल्या दिवशीच्या सर्व्हिसिंगला काढलेल्या ऑइलचा डबा गाडीतच होता. शालननं खांद्यावरचा पांढरा टॉवेल आदेशच्या टेबलावर पसरला आणि डब्यातलं थोडं ऑइल त्यावर ओतलं. मग म्हणाली, "आता इंजिनाच्या तळाशी काय उरलंय ते काढ, आणि टाक याच्या शेजारी."

आदेशनं चमचाभर काढून टाकलं. शालननं टॉवेल दारात उन्हाला धरला. पहिला डाग नुसता काळा, तव्याच्या बुडासारखा. दुसऱ्यात कणी चमकत होती.

"गाडी तुज्याकडं आली ती अशी, आणि तू हात लावल्यावर ही अशी. लोहचुंबक आण, पायजे तर."

लोहचुंबक फळीवरच होतं. आदेशनं ते घेतलं नाही. आतल्या कारागिरानं तोंड फिरवून हसू दाबलं, आणि चहाला आलेले दोघं-तिघं चहा संपला तरी हलेनात.

"बरं," आदेश शेवटी म्हणाला. "बुधवारपर्यंत इंजिन बांधून देतो, माज्या खर्चानं. पण मावशी, तो डबा तेवढा इथंच ठेवून जा."

शालननं झाकण घट्ट लावलं आणि डबा काखेत मारला.

"डबा माज्याकडंच रायल रे. भेंडी पोचवून गाडी घरचा चढ चढली का मग फाशीन मेढींना. तवर वाळवीला पण थांबू दे."