चोवीस दिवसांची जट

"मॅडम, कात्री लावायची नाय. एवढं कबूल असंल तरच आम्ही आत येतो."

सोमवार होता, सकाळचे सव्वादहा. सोमवारी आमचं सलून बंद असतं. टॉवेल धुवायला टाकावेत आणि स्टॉक बघावा म्हणून मी शटर अर्धंच वर केलं होतं. त्याखालून वाकून एक बाई माझ्याशी बोलत होती. तिच्यामागे डोक्याला स्कार्फ गच्च गुंडाळून अश्विनी उभी होती.

अश्विनी माझी गिऱ्हाईक. चांदवडजवळच्या गावातली, नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलवर राहते. आठ महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा मला केस स्ट्रेट करून हवेत म्हणाली होती. मी नाही म्हटलं आणि कुरळेच केस कसे सांभाळायचे ते शिकवलं. वीस वर्षं मी याच शहरात बायकांचे केस इस्त्री केल्यासारखे सरळ करून दिले आणि आता तेच केस कुरळे राहावेत म्हणून भांडते. पोटापाण्याचा धंदा आहे, पण मत बदलायची मुभा धंदेवाल्यांनाही असते.

"काय झालं?" मी विचारलं.

अश्विनीने स्कार्फ सोडला. पुढचे केस ठीक होते. मागे, मानेच्या वर, सगळ्या केसांचा मिळून एक चपटा गोळा झाला होता. तळहाताएवढा. त्यावर हळद होती, कुंकू होतं आणि वरून तेल.

"टायफॉइड झाला होता," अश्विनी म्हणाली. "घरी होते. चोवीस दिवस."

"आणि ही हळद?"

उत्तर आईने दिलं. अश्विनीच्या थोरल्या चुलतीने, म्हणजे घरातल्या मोठ्या आईने, मागच्या शुक्रवारी हा गोळा पाहिला आणि हात जोडले. देवी आली म्हणाली. आमच्याकडे केसांचा असा गुंता झाला की त्याला जट म्हणतात, आणि जट ही देवीने धरलेली खूण, असं मानणारी घरं अजून आहेत. ती विंचरायची नसते, कापायची तर मुळीच नसते. उद्या मंगळवार, देवीचा वार. उद्या अश्विनीच्या हातात परडी द्यायचं ठरलं होतं. परडी म्हणजे देवीच्या नावाने जोगवा मागायची टोपली. एकदा हातात घेतली की ती खाली ठेवता येत नाही. कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं सुटतं.

"हिचे वडील काय म्हणतात?"

"ते भावजयीपुढं बोलत नाय."

"आणि तुम्ही मानता हे?"

बाईने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मी मानते का नाय ते सोडा, मॅडम. कापलं, आन् उद्या गोठ्यात म्हैस मेली, तरी ते माझ्या पोरीच्या नावावर लागंल. जन्मभर. सुटली तर गोष्ट वेगळी. सुटली म्हंजे देवीनंच सोडली."

मला राग आला होता, पण या हिशोबात मला चूक सापडेना. घरी त्यांनी रक्त तपासायला नाशिकला जातो असं सांगितलं होतं. संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. मी शटर पूर्ण वर केलं.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. केसाच्या अंगावर बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक. ते घट्ट बसलेले असले तर पाणी आत शिरत नाही, सगळं वरच बसून राहतं. खवले फार उघडे असले तर पाणी लगेच शिरतं आणि लगेच निघूनही जातं. आमच्या भाषेत ही पोरॉसिटी. अश्विनीची मीडियम. पाणी घेतात आणि धरूनही ठेवतात असे केस. ग्लासात केस टाकून तो तरंगतो का बुडतो हे बघायची एक पद्धत सगळीकडे सांगतात, माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. मी पाणी फवारते आणि बोटांनी बघते. अश्विनीच्या केसांवर थेंब जरासे थांबायचे आणि मग मुकाट आत जायचे. अशा केसांचे फार लाड करायचे नसतात. आठवड्यातून दोनदा धुवा, भरपूर कंडिशनर लावा, ओल्या केसांतच रुंद दातांचा कंगवा फिरवा, थोडं जेल लावून वाळू द्या. सगळ्या कुरळ्या केसांत हे सगळ्यात समजूतदार केस. त्यांचं असं व्हावं, याचंच मला नवल वाटत होतं.

गुंत्यावर आधी पाणी ओतलं की तो आणखी आवळतो. हे बहुतेकांना माहीत नसतं. मी आधी तेल आणि हळद कोरड्या कापडाने टिपून घेतली. मग नुसता ओलावा देऊन कंडिशनर बोटांनी गोळ्यात दाबून भरला. अर्धी बाटली गेली. पंधरा मिनिटं थांबायचं होतं.

थांबणं मला जमत नाही. मी तेवढ्या वेळात टॉवेल मशीनमध्ये टाकले, कंगवे धुतले, नुकतीच पुसलेली काच पुन्हा पुसली. अश्विनीची आई खुर्चीच्या कडेवर बसून मोबाईलकडे बघत होती. तो वाजला नाही, तरी दर मिनिटाला बघत होती.

मग सुरुवात केली. खालच्या टोकाकडून, दोन-दोन चार-चार केस. टेल कंगव्याच्या, म्हणजे बारीक दांडीच्या कंगव्याच्या, टोकाने एक फास सैल करायचा, बोटांनी ओढून काढायचा, क्लिप लावायची, पुढचा. गोळ्यात बघितलं तर बरेचसे केस मुळापासून सुटलेलेच होते. सगळ्यांचेच केस रोज थोडे गळतात. विंचरलं की ते कंगव्यात येतात. विंचरलं नाही की उरलेल्या केसांत अडकतात आणि सगळ्यांना बांधून ठेवतात. जट म्हणजे एवढंच.

एक तासात बोटाच्या पेराएवढा भाग सुटला. माझी मान आखडली होती. अजून मोठा भाग बाकी होता. टेबलावर कात्री होती. दोन मिनिटांचं काम होतं. मी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली, कारण माझा माझ्यावर भरवसा राहिला नव्हता.

आणि मग मी अश्विनीवर घसरले.

"अगं, नर्स व्हायला निघालीस तू. चोवीस दिवस केसांना हात लावला नाहीस? आईने तरी विंचरायचं!"

आईच बोलली. "मी गेले होते कंगवा घेऊन. पाचव्या दिवशी. हिनं माझा हात ढकलला. मॅडमनी सांगितलंय, म्हनली."

"काय सांगितलंय मी?"

अश्विनीने मोबाईल काढला आणि माझाच मेसेज माझ्यासमोर धरला. पहिल्या अपॉइंटमेंटनंतर मी प्रत्येकीला पाठवते तो. त्यात चौथ्या ओळीला मी लिहिलं होतं, 'कोरड्या केसांना कंगवा लावायचा नाही. कधीच नाही. कुणी काहीही म्हणो.' पुढे तीन उद्गारचिन्हं.

"मग ओले करून विंचरायचे," मी म्हणाले, पण माझा आवाज खाली आला होता.

"तापात डोक्यावरून पाणी कसं घालू देनार मी?" आई म्हणाली.

बरोबरच होतं तिचं. टायफॉइडमधून उठणाऱ्या पोरीच्या डोक्यावर पाणी घालू देणारी आई मीही नाही. तिचा नियम शहाणपणाचा, माझाही शहाणपणाचा. कोरडे विंचरायचे नाहीत आणि ओले करायचे नाहीत. दोन्ही नियम पोरीने इमानेइतबारे पाळले आणि झाली जट.

मला फार लाज वाटली. अश्विनीच्या मागे उभी होते म्हणून तिला माझं तोंड दिसत नव्हतं, पण समोर आरसा होता. मी खाली मान घालून पुढचा फास शोधू लागले.

साडेबाराला फोन वाजला. मोठ्या आईचा. अश्विनीच्या आईने एकदा म्हटलं, "लाईन हाय इथं, वेळ लागतोय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि या बाईला दुसऱ्यांदा खोटं बोलता येईना. तिने सगळं सांगून टाकलं, अगदी सलूनच्या पत्त्यासकट.

"येतात त्या," फोन ठेवून ती म्हणाली.

"कशाला सांगितलं तुम्ही?" मी ओरडलेच.

"विचारलं त्यांनी."

यापुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. घाई केली की केस तुटतात आणि सावकाश करायला वेळ नाही. गोळ्याचा मधला भाग सगळ्यात घट्ट होता. दोन वेळा पुन्हा कंडिशनर भरला, दोन वेळा पंधरा मिनिटं थांबले. सलूनमध्ये येरझाऱ्या घालत होते तेव्हा अश्विनी म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा ना, मला भीती वाटते." मी बसले. पाय हलतच होता. बाहेर रिक्षा थांबली की आम्ही तिघीही दाराकडे बघायचो. तरी एक गोष्ट मला दिसत होती. केस कंडिशनर पीत होते. प्रत्येक वेळी थोडे जास्त सैल होत होते. खवले घट्ट मिटलेले असते तर सगळं वरूनच ओघळलं असतं, फार उघडे असते तर हातात तुकडे आले असते.

अडीच वाजता मोठी आई आली. एकटी, एसटीने आणि मग रिक्षाने. साठीच्या आतबाहेरची, सडसडीत, डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला. तिने चपला दारात काढल्या, सलूनच्या दारात आजवर कुणी काढल्या नव्हत्या, आणि सरळ खुर्चीपाशी आली. निम्मा गोळा सुटलेला तिने पाहिला.

"देवीनं दिलेलं सोडवनारी तू कोन?"

दिवसभर मी या बाईसाठी उत्तरं तयार ठेवली होती. अंधश्रद्धा, शिक्षण, पोरीचं आयुष्य, सगळं. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

"देवीने नाही दिलं, मावशी," मी म्हणाले. "मी दिलं."

मी अश्विनीचा मोबाईल घेतला आणि माझा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. कोरड्या केसांना कंगवा लावायचा नाही. कधीच नाही. कुणी काहीही म्हणो. मग सांगितलं, पोरीने माझं ऐकलं, आईने पाणी घालू दिलं नाही, बाकी काही नाही. चूक माझी. माझ्याकडची मोठमोठी सर्टिफिकेटं भिंतीवर लावलेली होती आणि मी त्यांच्याखाली उभं राहून हे बोलत होते.

मोठ्या आईने सुटलेला भाग बोटांनी चाचपला. मग म्हणाली, "तू बांधली, तर तूच सोड. कात्री लावली तर तुझं खरं नाय आन् हिचंबी खरं नाय." आणि सोफ्यावर न बसता खाली फरशीवर मांडी घालून बसली, माझे हात दिसतील अशी.

मी काम करत होते. पावणेपाचला शेवटचा फास निघाला आणि कंगवा मुळापासून टोकापर्यंत सरळ गेला. अश्विनीने मागे हात नेला, मानेवर बोटं फिरवली आणि रडू लागली. तिची आईही. मलाही आलं होतं, पण माझे हात कंडिशनरने भरलेले होते.

मोठी आई उठली. अश्विनीचे केस उचलून तिने मानेपाशी नीट पाहिलं, कुठे कापल्याची खूण आहे का ते. नव्हती. मग बेसिनमध्ये मी टाकलेला गळलेल्या केसांचा पुंजका उचलला. मुठीत मावेल एवढा होता.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच."

खाली वाकताना तिचा पदर सरकला होता. मला तिच्या डोक्यावरची जट दिसली. मनगटाएवढी जाड, अंबाड्यासारखी गुंडाळलेली, कडेला पांढरी झालेली. मी नजर वळवली, पण तिने बघितलं की मी बघितलं.

"मला बी तापच व्हता," ती म्हणाली. "पोरगं गेलं, त्या बाळंतपनातला. महिनाभर उठले नाय."

"कुणी विंचरलं नाही?"

"कोन विंचरनार? सासू म्हनली देवी आली. मी बी म्हनले, आली आसंल." तिने जटेला हात लावला. "हिला किती येळ लागंल? माझ्या जटंला?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण पस्तीस-चाळीस वर्षांची जट सुटत नाही. तिच्या आत केस उरलेला नसतो, दाबलेल्या लोकरीसारखा नुसता नमदा असतो. "नाही सुटणार, मावशी," मी म्हणाले. "कापावी लागेल."

तिने पदर पुढे ओढला. "मंग ऱ्हाऊ दे."

चपला घालता घालता ती जावेला म्हणाली, "हिला हितूनच होस्टेलवर सोड. घरी नको आनू. उद्या मंगळवार हाय."

अश्विनी बुधवारपासून वॉर्डावर आहे. केस बांधून, जाळीत घालून जाते. मोठी आई पुन्हा आली नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, तरी पुढचे दोन सोमवार मी शटर अर्धं वर करून बसले होते.

तो मेसेज मी बदलला. नियम तोच आहे, उद्गारचिन्हं काढली, आणि तो कधी मोडायचा ते खाली लिहिलं. नवीन गिऱ्हाईक आलं की आता मी आधी पोरॉसिटी बघत नाही. आधी विचारते, तुम्ही आजारी पडलात तर तुमचे केस कोण विंचरतं? बायका हसतात. मग बऱ्याच जणी गप्प होतात.