नारायणची न घेतलेली मोटार

निरोप आला तेव्हा मी वर्गात होतो. नारायणच्या शेजारचा दामू दारात उभा राहून नुसता म्हणाला, "मास्तर, नारायणभाऊ गेले." मुलांना तसंच सोडून मी निघालो. खामगावातल्या त्याच्या घराच्या पडवीत लेथला अर्धं सोललेलं लाकूड अडकलेलं होतं आणि ताज्या भुशावर कुणीतरी घाईघाईने चटई अंथरली होती...

नारायण कचेरीत कारकून, पण त्याचा जीव त्या लेथमध्ये. एका पायाने खालची फळी दाबत राहायची, वर लाकूड गरगर फिरायचं आणि त्याच्या पटाशीखाली गोल होत जायचं. आमच्या सूतकताई मंडळाचे बहुतेक चरखे त्यानेच घडवलेले. मंडळाचा चिटणीस मी.

पुढे त्याला चालताना धाप लागू लागली. हृदय कमजोर आहे, फळी दाबणं बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं. गावात वीज आलेलीच होती. त्याने मुंबईहून मोटारींची माहितीपत्रकं मागवली आणि संध्याकाळी मला समोर बसवून तो ती वाचू लागला. एकाच वेगाची मोटार स्वस्त होती, पण ती त्याला नको होती.

"सूत गुंडाळाच्या बारीक चातीले पळवा लागते मास्तर, अन् चाकाच्या मधल्या जाड तुंब्याले दमानं घ्या लागते. एकाच वेगाची घेतली त दर खेपेले पट्टा बदलत बसू काय? मूठ फिरवली की हळू होते, तेच पाह्यजे. पण हळू केली की तिचा जोर कमी होते. म्हणून जराशी मोठीच घेतो."

त्याने मोटार निवडलीही होती. तेव्हा मी म्हणालो, "विजेवर घडवलेला चरखा मंडळ घेणार नाही."

"सूत त हातानंच कातता ना बे? तू नागपूरले रेल्वेनं जातं, पायी काऊन नाही जात?"

मी हसलो, पण हटलो नाही. मोटारीवर दुसरं काही कर, असं सुचवलं.

"पोळपाट कराले मोटर घेऊ काय? जाऊ दे. मास्तरच्या चरख्याले वीज शिवली त सूत बाटन!"

त्याने माहितीपत्रकं गुंडाळली आणि फळी चालूच ठेवली. डॉक्टरांचं बोलणं मला ठाऊक होतं. रस्त्याने जाताना फळीची खटखट ऐकू यायची. ती मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. मी ते ऐकायचो आणि मंडळाला चरखे वेळेवर मिळणार म्हणून बरं वाटायचं... मोटार असती तरी हे टळलं असतं असं नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. तो शब्द मी बरेच दिवस धरून बसलो. आता धरवत नाही.

तेरावा झाल्यावर गेलो, तर नारायणच्या पत्नी गोदावहिनी लेथपाशी उभ्या. "त्याईचं पाहून पाहून शिकलो मी," त्या म्हणाल्या. "राह्यलेले चरखे पुरे करतो. पण हे फळी मले नाही झेपत, भाऊजी. ते मोटर मागवू का? मंडळाले चालते का आता?"

"चालते," मी म्हणालो.

"मंग तवा काऊन नाही चाललं?"

त्याच आठवड्यात मंडळात मी स्वतःच ठराव मांडला, कुणी विरोध केला नाही. तेव्हाही कुणी केला नसता.

नारायणने निवडली होती तीच मोटार मागवली आहे. ती येईपर्यंत संध्याकाळी मी फळी दाबायला जातो आणि वहिनी पटाशी धरतात. उभं राहून राहून त्याच्या डाव्या टाचेने जमिनीत खळगा पाडला आहे. माझी टाच आपोआप त्यातच जाते. थोड्या वेळात पोटरी भरून येते, श्वास वर चढतो. लाकडावरची नजर न हलवता वहिनी विचारतात, "दमले काय, भाऊजी?"

मी नाही म्हणतो. तोही नाहीच म्हणाला असता... पण मी त्याला कधी विचारलं कुठे?