चार टक्क्यांचं कारण

मुलचेऱ्याच्या बसस्टँडवर त्या सकाळी चंद्रपूरची गाडी लागली, तेव्हा बाबा पहिल्यांदाच माझ्यासोबत प्रवासी म्हणून चढले. त्यांनी आयुष्यभर एसटीत कंडक्टरी केली. गाडीत चढले की दार लावायचं, घंटी मारायची, मागच्या माणसाला पुढं सरकवायचं, ही त्यांची सवय. त्या दिवशी ते खिडकीशी बसले आणि हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. खाली आई होती, विहारातल्या चारपाच बायका होत्या, शेजारच्या बंगाली काकू नारळाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या होत्या. माझी धाकटी बहीण यशोधरा, म्हणजे आमची यशू, लांब बाकावर बसून होती. ती तेव्हा अकरावीत होती. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तशी ती उठून खिडकीखाली आली आणि म्हणाली, "पोचल्यावर आईले फोन कर."

आईले. 'मले' म्हणाली नाही. बाबांनीही ते ऐकलं. आष्टीचा पूल मागं पडला, गोंडपिपरी गेलं, दोन्ही बाजूंना लोंबीवर आलेला धान होता.

माझ्यासारखे जे निघून गेले त्यांना, आणि जे तिथंच राहिले त्यांनाही, हे सांगावंसं वाटतं. निघतानाच्या फोटोत सगळे हसताना दिसतात. त्याच्या आधीचा महिना कुणाच्याच फोटोत नसतो.

यशूला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि मग हाडं फोडून काढावीत तशा कळा येतात. मी तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. ती लहान असताना कळा आल्या की मी तिचे पाय गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत बसायची. त्यातूनच मी चंद्रपूरला वसतिगृहात राहून जीवशास्त्र शिकले, आणि रक्ताच्या आजारांवर पुढचं शिक्षण घ्यायचं ठरवलं. बाहेरच्या विद्यापीठांना अर्ज केले. दोन ठिकाणांहून होकार आले, दोन्ही अटीचे. लंडनच्या विद्यापीठानं शेवटच्या वर्षाला पासष्ट टक्के मागितले होते, स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या विद्यापीठानं साठ. सरकारी शिष्यवृत्ती दोन्हीकडे चालत होती. पण लंडनचं नाव आमच्याकडे लहान मुलालाही माहीत. निकाल लागायच्या आधीच विहाराच्या समितीनं बसस्टँडजवळ माझा फलक लावला. माझा दहावीचा पासपोर्ट फोटो मोठा केलेला, आणि खाली ठळक अक्षरांत 'लंडन'.

मला एकसष्ट टक्के पडले.

निकाल मी घरीच, मोबाइलवर पाहिला. आई अंगणवाडीतून यायची होती, बाबा ड्यूटीवर होते. यशूनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता पाणी आणून दिलं. संध्याकाळी सगळे घरात आल्यावर मी आकडा सांगितला. बाबांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "एकीच्या दुखण्यात दुसरीचे पेपर गेले. कोनाची चूक नाई ह्याच्यात."

झालं होतं असं की परीक्षेच्या दिवसांत यशूला गडचिरोलीच्या दवाखान्यात भरती करावं लागलं होतं. मी चंद्रपूरहून गाडी पकडून गेले, चार दिवस तिच्या उशाशी बसले आणि परत येऊन उरलेले पेपर दिले. म्हणून बाबा जे म्हणाले ते सगळ्यांना पटण्यासारखं होतं. आईनं मान हलवली. बंगाली काकूही दुसऱ्या दिवशी तेच म्हणाल्या. मी गप्प राहिले.

खरं एवढंच होतं की ज्या पेपरानं मला खाली ओढलं तो संख्याशास्त्राचा, आणि तो यशू आजारी पडायच्या आदल्या दिवशीच झाला होता. मला तो विषय वर्षभर समजला नव्हता. समजला नाही हे मी कुणाला विचारलंही नव्हतं, कारण वर्गात हुशार म्हणून माझं नाव होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये मी तीन प्रश्न कोरे सोडले. उलट दवाखान्यातून परत आल्यावर दिलेले पेपर माझे सगळ्यांत चांगले गेले होते. गुणपत्रिकेवर तारखा नसतात. हे फक्त मला माहीत होतं.

दोनतीन दिवसांत दोन्हीकडून मेल आले. ॲबरडीननं प्रवेश पक्का केला आणि दहा दिवसांत कळवायला सांगितलं. लंडननं खेद कळवला, पण खाली एक ओळ होती. परीक्षेच्या वेळी घरात आजारपण किंवा तशी अडचण आली असेल, तर पुरावा पाठवा, आम्ही फेरविचार करू.

ती ओळ मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली. का वाचली, हे मी स्वतःला अजून विचारते. यशू आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं तिचं डिस्चार्ज कार्ड घेऊन आली. "हे पाठव ना, ताई," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकं हायसं वाटल्याचं दिसत होतं, जणू तिच्या हातून काही फुटलं होतं आणि आता ते जोडता येणार होतं.

बाबांना वाटलं नुसतं कार्ड पुरायचं नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ते गडचिरोलीला गेले, दुपारपर्यंत दवाखान्यात रांगेत बसले, आणि डॉक्टरांकडून पत्र घेऊन आले. 'सदर विद्यार्थिनीची बहीण परीक्षेच्या काळात गंभीर आजारी असून विद्यार्थिनी तिच्या सोबत होती.' त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी ते पत्र दहा वेळा वाचलं, आणि दहाही वेळा स्वतःला तेच सांगितलं.

सेतू केंद्रात जाऊन पत्र आणि कार्ड स्कॅन करून घेतलं. मेल लिहिला, दोन्ही जोडले. केंद्रातल्या बाईंनी विचारलं, "पाठवू का मॅडम?" मी म्हटलं, घरी एकदा वाचते, मग पाठवते. तेव्हा माझ्या मनात नकार होता असं मी म्हणणार नाही. इंग्रजी तपासायचं होतं, एवढंच.

घरी आले तर पुढचं दार उघडं आणि घरात कुणी नाही. मागं धानाच्या कोठीजवळ यशू जमिनीवर बसलेली सापडली. तोंडात ओढणीचा बोळा घट्ट धरलेला, डोळे मिटलेले, घामानं केस कपाळाला चिकटलेले. कळा सकाळपासून होत्या. तिनं आईला अंगणवाडीत जाऊ दिलं, मला सेतूत जाऊ दिलं, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मागं येऊन बसली.

"सांगतलं काऊन नाई?" मी विचारलं.

तिनं बोळा काढला. "तुह्ये कागद जाऊ दे आधी. पुन्हा माह्यापायी नको."

शेजारच्या काकांच्या गाडीवर बसवून तिला दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, दुपारी कळा उतरल्या. ती झोपली. मी तिच्या पायांशी बसले होते आणि मला माझीच शिसारी आली होती. आठवडाभर ही मुलगी स्वतःला गुन्हेगार समजत होती, आणि मी ते पाहत होते. ते मला सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आल्यावर, चहाच्या वेळी, तिघांसमोर मी सगळं सांगितलं. पेपर कधी झाला, किती प्रश्न सोडले, नंतरचे पेपर कसे गेले. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या डॉक्टरसमोर मी हात जोडले, बेटा." एवढंच. पुढं त्यांनी हा विषय कधीच काढला नाही, पण ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

यशू रडली नाही. तिनं सरळ विचारलं, "मंग येवढे दिवस मले तसं काऊन वाटू देलं?"

मी घाबरले होते, हे उत्तर नव्हे. तीही घाबरलेलीच होती.

आई उठली, तिनं सगळ्यांचे कप गोळा केले आणि मोरीकडं जाता जाता म्हणाली, "आता काय घ्याचं ते ठरव. आनं जे ठरवशील ते खरं सांगून ठरव."

मी म्हणाले की मी कुठंच जात नाही. नागपूरला एम.एस्सी. करते, दर आठवड्याला येत जाईन, यशूजवळ राहीन. त्या वेळी मला हे फार मोठ्या मनाचं वाटलं होतं. यशूनं मला पुरतं बोलूही दिलं नाही. "माह्यासाठी थांबू नको," ती म्हणाली. "आनखीन एक गोष्ट माह्या नावावर नको टाकू."

सतरा वर्षांची होती ती. इतकं नेमकं मला आजवर कुणी सुनावलेलं नाही.

मी तो मेल खोडला. लंडनला आभाराचं छोटं पत्र लिहिलं आणि ॲबरडीनला होकार कळवला. रविवारी विहारात वंदना झाल्यावर बाबा उभे राहिले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही. गाडीतही ते तिकिटाच्या पलीकडं बोलत नसत. म्हणाले, "पोरीचं लंडन नाई झालं. मार्क कमी पडले, अभ्यासात कमी पडली. ॲबरडीनले चालली." मागून कुणीतरी विचारलं, "ते कुठी हाये भाऊ?" बाबा म्हणाले, "मलेबी पाहा लागन." कुणी हसलं नाही. समितीच्या पोरांनी फलक काढायचं विचारलं, तर बाबांनी स्वतः शिडी लावून तो उतरवला.

ॲबरडीन करड्या दगडाचं शहर आहे. ऊन पडलं की तो दगड चमकतो, पण ऊन पडायला हवं. सप्टेंबरच्या शेवटी मी पोचले तेव्हा समुद्राचे पक्षी छपरांवर बसून माणसांसारखे ओरडत होते. फ्लॅटमध्ये आम्ही चौघी, एक नायजेरियाची, दोन चीनच्या. लेक्चर, लॅब, असाइनमेंट, संध्याकाळी एका केअर होममध्ये शिफ्ट. पहिल्याच टर्मला संख्याशास्त्र सक्तीचं होतं. या वेळी मी दुसऱ्याच आठवड्यात शिक्षिकेच्या खोलीचं दार वाजवलं आणि सांगितलं की मला यातलं काही येत नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि सरासरीपासून सुरुवात केली. बावीस वर्षांच्या वयात 'मला येत नाही' हे वाक्य मी पहिल्यांदा बोलत होते.

फोन मी आईला करायची. यशूचा आवाज मागून यायचा, कधी भांड्यांच्या, कधी टीव्हीच्या मधून. आई म्हणायची, "ताई हाये, बोलतेस का?" आणि मग मला, "अभ्यास करून राह्यली," आई सांगायची. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, डिसेंबरात इथं दुपारीच दिवे लागू लागले. मी तिला लांबलांब मेसेज लिहिले आणि बहुतेक पाठवले नाहीत, कारण प्रत्येकात कुठंतरी मी स्वतःचीच बाजू मांडलेली असायची. शेवटी एकच पाठवला. 'तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. मी चुकले.' ते दोन निळे टिक दिसले, आणि पुढं काही नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी मी लॅबमध्ये असताना तिचा फोन आला. आईच्या फोनवरून नाही, तिच्या. मी हातमोजे काढत बाहेर आले. ती धापा टाकत होती.

"दुखून राह्यलं," ती म्हणाली. "आई-बाबाले सांगतलं. दवाखान्यात हावो. तुलेबी सांगाचं होतं, बस."

मी काही करू शकत नव्हते. मी कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसले आणि तिचं इंजेक्शन लागू पडेपर्यंत फोन धरून राहिले. तिनं मला माफ केलं असं त्या दिवशी नाही, नंतरही कधी म्हटलं नाही. पण त्यानंतर ती दुखणं लपवत नाही, आणि तेव्हापासून मला तिचे फोन येतात.

शिक्षण संपलं. आता मी इथल्याच एका इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात काम करते. यशू बारावी झाली. तिला हव्या असलेल्या नागपूरच्या नर्सिंगच्या जागेला तीन गुण कमी पडले. गडचिरोलीत नर्सिंगच मिळत होतं, आणि चंद्रपूरला दुसऱ्याच विषयाला. मी सुट्टीवर घरी होते. ती यादी घेऊन माझ्याजवळ ओसरीत बसली, आणि मी सल्ला द्यायला तोंड उघडलं तर म्हणाली, "तू नुसती बस." मी बसले. तासाभरानं तिनं गडचिरोलीवर खूण केली. बाबा आता रिटायर झालेत, ते फॉर्म घेऊन सायकलवर निघाले.

इथं नवीन ओळख झाली की लोक विचारतात, तू मूळची कुठली. मी आधी इंडिया म्हणते, मग महाराष्ट्र, आणि समोरचा खरोखर ऐकत असेल तर मुलचेरा. इथल्या सगळ्यांना मी इथं कशी आले ते ठाऊक आहे: अर्ज केला, प्रवेश मिळाला. माझ्याबद्दल त्यांचं मत चांगलं आहे, आणि तसं असायला त्यांच्याजवळ सगळी कारणं आहेत. पण जगात तीनच माणसं अशी आहेत ज्यांनी मला खोटं वागताना जवळून पाहिलं, आणि तरी मी कबूल केलं त्या दिवशी संध्याकाळी माझं ताट वाढलं. ती जिथं जेवायला बसतात, ते माझं घर.