मजल्यासाठी सोडलेल्या सळया

आमच्या खुटबावच्या बाजूला घर कधी पुरं बांधत नाहीत. स्लॅब पडला की खांबांच्या सळया वर तशाच सोडतात, पुढच्या मजल्यासाठी. कुणी त्यांच्यावर रिकाम्या बाटल्या उपड्या घालतं, कुणी कपडे वाळत घालायला दोरी बांधतं. आमच्या घरावरच्या सळया धाकट्या भावाच्या होत्या. खाली मी, वर धाकटा, असं आमच्या वडिलांनी, आप्पांनी, ठरवून टाकलं होतं. आजोबांचा जन्म मेंढरांमागं गेला. आप्पांनी बांधलेलं हे घराण्यातलं पहिलं पक्कं घर. त्यात एकच पोरगा मावला तर त्याला ते घरच मानायला तयार नव्हते.

धाकटा पुण्यात नोकरीला लागला, तिथंच फ्लॅट घेतला आणि सळया राहिल्या. आईच्या गुडघ्यांमुळं तिला जिना चढवत नाही. तरी वरच्या मजल्यावर धाकट्या सुनेचा ओटा कुठल्या भिंतीला येणार, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मी शिरूरकडच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला आहे. तिथं एका पेटीत मिठाच्या पाण्याचं धुकं सोडून भागांवर मुद्दाम गंज चढवतात, कोणता किती टिकतो ते बघायला. दिवसभर गंज बघायचा आणि घरी आलो की खांबांवरून उतरलेले तांबडे ओघळ बघायचे. माझं डोकं फिरायचं.

खाणीतून निघणारं लोखंड म्हणजे खरं तर लाल मातीच. भट्टीत कोळशाबरोबर तापवून तिच्यातला प्राणवायू काढून घेतला की लोखंड हाती येतं. त्यात कार्बन भरपूर राहिला तर ते बीड. आईचा बिडाचा तवा त्याचाच. चुलीवर जन्मभर टिकेल, पण हातातून निसटला की दोन तुकडे. कार्बन कमी केला की पोलाद. त्यात क्रोमियम मिसळलं की आपली स्टीलची भांडी, ती सहसा गंजत नाहीत. घराची सळई मात्र साध्या पोलादाची. लाल असतानाच तिच्यावर पाणी मारतात, म्हणून ती बाहेरून कडक आणि आतून मऊ होते. आमच्या घराण्यात बाहेरून कडक सगळेच आहेत, आत काय आहे ते कुणी बघू देत नाही.

असं लोखंड हवा-पाणी मिळालं की पुन्हा माती व्हायला लागतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो खांबाच्या आत फुगतो आणि सिमेंट फोडून बाहेर येतो. आमच्या बोअरचं पाणी मचूळ, बांधकामही त्याच पाण्यात झालेलं. एके दिवशी आईच्या खाटेशेजारी खांबाचा ढलपा पडला, तेव्हा मी आप्पांना हात जोडून म्हणालो, सळया कापू, तोंडं बंद करू, निदान खालचं तरी वाचेल.

"कापल्या म्हंजी धाकट्याला घराभाईर काढल्यावानी हाय," आप्पा म्हणाले. "तू तुझ्या कारखान्यात अक्कल चालीव."

मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी जुनी घोंगडी फाडून त्यांनी एकेका सळईला तुकडा गुंडाळला, वरून सुतळी आवळली. पावसात मेंढपाळाला राखते ती घोंगडी लोखंडालाही राखेल, असा त्यांचा हिशेब. पण माणूस घरी आला की घोंगडी झटकून वाळत टाकतो. सळईच्या अंगावरून ती कोण काढणार? लोकर सगळा पावसाळा पाणी धरून बसली. मी सांगून बघितलं. "घोंगडीचं मला शिकवतू व्हय?" म्हणाले. मग मीही नाद सोडला.

यंदा दिवाळीनंतर दुसऱ्या खांबालाही उभी भेग गेली. मी धाकट्याला बोलावून घेतलं आणि गावातल्या वेल्डिंगवाल्यालाही ग्राइंडर घेऊन यायला सांगितलं. सगळे वर गेलो. आप्पांनी धाकट्याला दाखवायला स्वतः सुतळी सोडली. आतली सळई पेन्सिलीहून बारीक झाली होती. त्यांनी ती धरली, तर पापुद्रे हातात आले आणि ती मधूनच मोडली.

धाकटा हळूच म्हणाला, "कापून टाका आप्पा. मी कुठं येतोय आता राह्यला?"

मला वाटलं, आप्पा खवळतील. ते नुसते "व्हय" म्हणाले. वेल्डिंगवाल्यानं ग्राइंडर चालू केला, तेव्हा ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"त्यानं फ्लॅट घेतला तवाच मला कळलं व्हतं, ह्यो काय येत न्हाई," ते म्हणाले. "पर सळया व्हत्या तवर तुझ्या आईला सांगायची येळ येत नव्हती."

इतकी वर्षं मी त्यांना अडाणी समजत होतो. मला त्यांच्याकडं बघवेना.

पहिली सळई पडली. ग्राइंडर थांबला आणि खालून आईची हाक आली, "काम सुरू झालं व्हय वं मजल्याचं?"

धाकटा कठड्याकडं तोंड करून उभा राहिला. आप्पा स्लॅबवर खाली बसले. "तू जा," मला म्हणाले. "माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी खाली उतरलो. आईनं गवंडी आले असतील म्हणून मोठ्या पातेल्यात चहा ठेवला होता. मी तिला सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि मांडलेल्या कपबशा एकेक करून परत फळीवर ठेवायला लागली.