उजेड शिकवणारे जाधव सर

जाधव सर गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. कसबा बावड्यात भाजी घेत होते, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, तुम्हाला ठाऊकच असेल," अशी त्यानं सुरुवात केली. मला ठाऊक नव्हतं...

कोल्हापुरातल्या आर्किटेक्चर कॉलेजात आम्ही दोघांनी अकरा वर्षं एकच विषय शिकवला. इमारतीत दिवसाचा उजेड कसा घ्यायचा ते सर शिकवायचे, दिवे कुठे नि किती लावायचे ते मी. आधी खिडकी नीट काढा, मग मॅडमच्या दिव्यांकडे वळा, असं ते मुलांना बजावत. मुलांची पुठ्ठ्याची मॉडेलं गच्चीवर न्यायचे आणि बारक्या भोकाला डोळा लावून आतला उजेड बघत बसायचे. लग्न केलं नव्हतं. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

शेवटच्या वर्षी त्यांनी एका मुलीच्या मॉडेलचं कौतुक केलं, उजेड छान पसरलाय म्हणाले. खिडकीवरचा कागद तिनं अजून काढलाच नव्हता. आत काळोख होता. ती गोंधळून माझ्याकडे बघू लागली. तास संपल्यावर सर जिन्यात थांबले होते. काचबिंदू होता, दोन वर्षं लपवलेला.

"मॅडम, एवढं वर्ष पुरं होऊ दे," ते म्हणाले. "दिसत न्हाय, पण शिकवता येतंय की अजून."

मी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या तासाला शेजारी बसायचे, मॉडेलमध्ये डोकावून हळूच सांगायचे, डावा कोपरा अंधारा आहे, छताला उजेड पोचत नाही... तेवढ्यावरून ते खिडकी किती वर सरकवायची ते अचूक सांगत.

निवृत्तीनंतर ते चंदगडला थोरल्या बहिणीकडे राहायला गेले. सवडीनं या, म्हणाले होते. मी येते म्हटलं. चार वर्षं गेली.

गेल्या आठवड्यात एसटीनं गेले. अक्कांनी मला त्यांच्या खोलीत नेलं. एक खाट, एक टेबल-खुर्ची, टेबलावर दिवा. शेवटी तर सरांना काहीच दिसत नव्हतं.

"तरी दिस कलला की दिवा लावायचा," अक्का म्हणाल्या. "ह्या खुर्चीत मात्र कुणाला बसू द्यायचा न्हाय."

मी बसले. दिवा उजव्या हाताला होता. लिहिताना हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून दिवा डावीकडे ठेवायचा, हे आम्ही पहिल्याच तासाला शिकवायचो.

मी डावखुरी आहे.