भागीचं माहेर

आमच्या सासऱ्यांइतका थकवणारा माणूस अख्ख्या मुलुंडात शोधून सापडायचा नाही, आणि हे मी बावीस वर्षं त्यांच्याबरोबर एका घरात काढून सांगतेय. बाबा इतिहासाचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण तास काही संपला नाही. कंपनी सरकारने गुलामगिरी कशी बंद केली, हा त्यांचा कायमचा विषय. भाजीवाल्याने कोथिंबीर बांधेपर्यंत त्याला ऐकवतील, लिफ्ट अडकली तर आतल्यांना ऐकवतील. "बंद केली म्हणजे काय केलं? मालकाचं कोर्टानं ऐकायचं नाही, एवढंच. पण घरात राबणाऱ्या बाईला हे सांगायला गेलं कोण?" नणंदेला बघायला माणसं आली, तर बाबांनी पोह्यांची बशी हातात देत विचारलं, "तुमच्या घराण्यात बटकी, म्हणजे विकत घेतलेल्या दासी, किती होत्या हो?" माणसं पोहे संपवून गेली ती गेलीच. नणंद महिनाभर बाबांशी बोलली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं निघालं आणि माझ्या डोक्याला नवा ताप झाला. गावच्या जुन्या कागदांत बाबांना सापडलं होतं की आमच्या मूळपुरुषाने दोन म्हशींबरोबर एक बटीक विकत घेतली होती. नाव भागी. आमची शाखा तिच्याच पोटची. तिचं नाव पुस्तकात यावं म्हणून बाबांनी घाटकोपरला संपादकांकडे, म्हणजे त्यांच्या चुलतभावाकडे, किती खेपा घातल्या देव जाणे. मी पवईहून ऑफिस करून यायचं आणि त्यांची पत्रं टाइप करायची. शेवटी चुलतभाऊ वैतागून म्हणाले, "अरे, प्रत्येक बाईच्या नावापुढे माहेर छापतोय आपण. हिचं काय छापू? बाजार? सोड ना आता."

पुस्तक आलं. त्यात भागी नव्हती. बाबा गप्प झाले, आणि खरं सांगते, ज्या शांततेसाठी मी नवस बोलले असते ती मला चार दिवस सोसवेना.

रविवारी ते पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसले. पेन माझ्यापुढे सरकवलं. "तुझं अक्षर चांगलंय, तू लिही," म्हणाले. मी समासात भागीचं नाव लिहिलं आणि माहेरापाशी थांबले. पुराव्यावाचून एक शब्द लिहू न देणारा हा माणूस, रिकामंच ठेव म्हणेल असं वाटलं.

"मुलुंड लिही," बाबा म्हणाले. "आपलं घर. बाईला कधी यावंसं वाटलं, तर कुठं येईल ती?"

मी विंग, मजला, खोली नंबरासकट पूर्ण पत्ता लिहिला.