पाकिटावरची तारीख

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी जुन्या तपासाविषयी कोणी विचारलं की मला सगळ्यांत आधी आठवतो तो एक म्हातारा फोटोवाला आणि त्याच्या हातातलं चंदेरी पाकीट.

तेव्हा मी मेहकर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. डिजिटल कॅमेरे गल्लोगल्ली आले होते. एका सकाळी हजेरी आटोपून मी बंदोबस्ताचा कागद पाहत होतो, तेवढ्यात तिशीतला एक शिक्षक त्या फोटोवाल्याच्या दंडाला धरून आत आला.

"साहेब, माह्या बापाचा शेवटचा फोटो होता तो. ह्यानं रोलची कोरी पट्टी हातात देल्ली!"

त्याचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. धम्माच्या कामात असलेले, पंचक्रोशीत मान असलेले गृहस्थ. कॉलेजात असताना काढला होता तसा कृष्णधवल फोटो पुन्हा एकदा काढून घ्यायची त्यांना हौस होती. पांढरा सदरा घालून ते या स्टुडिओत बसले आणि आठच दिवसांत हृदयविकारानं गेले. घरात लग्नकार्यातले, गर्दीतले फोटो होते. एकट्याचा, मनासारखा असा हा एकच.

हवालदारांनी पेन काढलं. "साहेब, अदखलपात्र लिहितो अन् दोघांयले वाटंला लावतो."

मीही हो म्हणणार होतो. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "चूक माहीच आहे साहेब. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रोल धुवायचं औषध तपासलं नाई."

आरोप झालेला माणूस सहसा असं बोलत नाही. मी त्याला खुर्ची दिली.

त्यानं सांगितलेलं मला आजही पाठ आहे. रोल धुवायची पावडर पाण्यात कालवली की तिचं आयुष्य सुरू होतं. तिचा वैरी हवा, दुसरा वैरी ऊन. म्हणून तो ते पाणी तपकिरी काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवी. वापरून पातळी खाली गेली की आत काचेच्या गोट्या टाकी, म्हणजे हवेला जागा उरत नाही. उन्हाळ्यात बाटल्या रांजणाशेजारच्या ओल्या वाळूत. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी आणि तीवर कालवल्याची तारीख. भरलेली बाटली सहा महिने, अर्धी झाली तर दोन.

"मंग या वेळी काय झालं?" मी विचारलं.

"जुनी बाटली सहा महिन्यांची होत आली होती. गुरुजींचा फोटो, म्हटलं ताजंच वापरू. नवं सीलबंद पाकीट फोडलं. तारीख दोन वर्षं पुढची. पावडर जरा तांबूस दिसली, पण मी सीलवर भरवसा ठेवला."

शिक्षक उसळला. "साहेब, हा गोष्टी सांगून राह्यला. यानं फोटो काढलाच नसंल!"

फोटोवाल्यानं पिशवीतून ती कोरी पट्टी काढली. "सर, रोलच्या कडेला कंपनी आकडे छापून देते. फोटो काढा की नका काढू, औषध जिवंत असंल तर ते आकडे उमटतातच. इथं पाहा. तेबी नाईत."

मग त्यानं टेबलावर दोन स्टीलचे पेले मागितले. एकात पिशवीतून आणलेलं नव्या पाकिटाचं पाणी, दुसऱ्यात जुन्या बाटलीतलं. दोन्हींत रोलचा एकेक तुकडा भर उजेडात बुडवला. जुन्या औषधातला तुकडा मिनिटभरात काळाकुट्ट झाला. नव्यातला पाच मिनिटं झाली तरी होता तसाच. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. शिक्षक त्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे जुनं वापरलं असतं तर..."

निगेटिव्हवरचे डाग काढायचं भिंग फोटोवाल्याच्या खिशात होतं. त्यातून पाकीट पाहून तो म्हणाला, तारखेची चिठ्ठी वरून लावलेली आहे. मी दोन पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर चहाच्या किटलीच्या वाफेवर ती चिठ्ठी सोडवली. खाली छापलेली मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली होती. वरच्या चिठ्ठीवरच्या आठाच्या आकड्याचं खालचं वर्तुळ तुटलेलं होतं. पंचनाम्यात मी तेही लिहून घेतलं.

पाकीट आलं होतं नांदुऱ्याच्या एका व्यापाऱ्याकडून. एवढ्यावर छापा घातला असता तर त्यानं हसून वेळ मारून नेली असती. मी आधी खबऱ्या लावला. रेल्वेच्या मालधक्क्यावरचा एक हमाल म्हणाला, "फोटोचे खोके कमीच येतात साहेब. दवाईचे लय येतात. अन् संग्रामपूरकडच्या बसवर चढतात."

म्हणजे तारखांचा हाच खेळ औषधांवरही चालला असणार. वरिष्ठांची परवानगी घेतली, औषध निरीक्षकांना सोबत घेतलं. भर दुपारी आम्ही गोदाम उघडलं. पत्र्याचं छप्पर, आत भट्टीसारखी धग. बंद पडलेल्या दुकानांतून उचललेला माल रचून ठेवलेला. एका कोपऱ्यात फोटोची पाकिटं, दुसऱ्यात लहान मुलांच्या तापावरचं, पाण्यात कालवून द्यायचं पावडरीचं औषध.

चौकशीत व्यापारी शांत होता. "साहेब, फोटोची पावडर कोणी खाते का? जाऊन जाऊन एखादा फोटो गेला."

"आणि ही औषधं?"

"ते वापस धाडाचं आहे. एक बाटली इकली नाई. आमी तारखा छापतच नाई. शिक्काच नाई आमच्याकडे."

शिक्क्याचं मी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की मी आवाज चढवत नाही, पुरावा समोर ठेवतो. आमचे हवालदार तोवर संग्रामपूर तालुक्यातल्या एका दुकानातून त्याच औषधाची बाटली घेऊन आले होते. ती बाटली आणि फोटोचं पाकीट मी शेजारी ठेवलं, भिंग व्यापाऱ्याच्या हातात दिलं.

"दोन्हींवरचा आठ पाहा."

त्यानं बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवून पाणी मागितलं.

"काऊन खोटं बोलता?" हवालदार म्हणाले. "लेकरं पितात ते!"

शिक्का त्याच्या घरातल्या शिलाई मशीनच्या खणात निघाला. कोणत्या गावात किती खोके गेले तेही त्यानं सांगितलं.

पुढचे तीन दिवस आम्ही सातपुड्याच्या पायथ्याची गावं पिंजून काढली. दवंडी दिली, शाळांत सांगितलं, दारोदार बाटल्या गोळा केल्या. एका वस्तीवर एक बाई अर्धी बाटली घेऊन आली. कडेवर तापानं मलूल झालेली पोरगी.

"चार दिवस झाले देऊन राह्यले साहेब. ताप काही उतरतच नाई. म्या काही चुकीचं देल्लं का?"

"तुमची चूक नाही, ताई. गाडीत बसा," एवढंच मी म्हणालो आणि आमच्याच जीपमधून त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, औषधात दम उरलेला नव्हता. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. पोरगी आठवड्यात बरी झाली. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी दवाखान्यात फोन करत होतो, हे कोणत्याही केस डायरीत नाही.

दोषारोपपत्र भक्कम होतं. व्यापाऱ्याला शिक्षा झाली. शिक्षक आणि फोटोवाला दोघंही सरकारी साक्षीदार होते. निकालाच्या दिवशी शिक्षक मला म्हणाला, "फोटो तर गेलाच साहेब. पण या फोटोवाल्या चाचांवर जो राग धरून बसलो होतो, तो तरी गेला." दोघं एकाच बसनं परत गेले.

या तपासाचं कौतुक झालं, पण मला माझंच एक क्षणभराचं "हो" आठवतं, जे तोंडातून निघता निघता राहिलं. ते निघालं असतं तर कागद अदखलपात्राच्या फायलीत गेला असता आणि पायथ्याच्या गावांत बाटल्या विकल्या जातच राहिल्या असत्या. म्हणून निवृत्त होईपर्यंत प्रत्येक ठाण्यात मी अंमलदारांना एक गोष्ट बजावत आलो. ठाण्यात येऊन जो माणूस आधी स्वतःची चूक सांगतो, त्याला बसवून घ्या आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत पेन उचलू नका.